दोन सीटची गाडी

“आपल्या बजेटमध्ये स्पोर्ट्स कार? काहीतरी गोम असणार, यार,” देवदत्तची बायको म्हणाली होती. तरीही बॉथेल गावातल्या त्या घरापुढची लाल, उघडत्या छताची कन्व्हर्टिबल पाहून तो हरखला. कॉलेजपासून त्याला अशीच हवी होती. विकणारी मार्था, सत्तरीची विधवा, टेस्ट ड्राइव्हला शेजारी बसली. तळ्याकाठच्या वळणावर गाडीचं छत आपोआप उघडू लागलं. देवदत्तने बटणाला हातही लावला नव्हता. “माझा नवरा इथे नेहमी छत उघडायचा,” मार्था पुटपुटली, “आणि गाडी सुसाट सोडायचा.” तेवढ्यात गाडी भरधाव सुटली. देवदत्तने घाबरून ब्रेक दाबला, तर वेग आणखीच वाढला. “ब्रेक नको दाबूस,” दार घट्ट धरून मार्था कुजबुजली. “तो चिडतो.” देवदत्तने ब्रेकवरून पाय उचलला. गाडी मंदावली, थांबली. मार्था घाईने उतरली. “गाडी तुझी,” ती म्हणाली. “त्याला पुन्हा माझ्या दारात आणू नकोस.”