उतारावरची जीप

बॅटरी भरलेली होती, डिझेल होतं, तारा जागच्या जागी होत्या. तरी किल्ली फिरवली की जीप मुकी. बाळकू मेस्तरींनी बॉनेट आपटलं.

"आक्का, गाडी धडधाकट आहे. रक्षक अडवतोय. त्याला तुमचं रडणं कळतंय."

कायद्याने प्रत्येक गाडीत बसवलेला तो रक्षक नावाचा डबा मालकाशिवाय कुणाचा हात ओळखत नसे. तो गोड आवाजात म्हणाला, "आपण दुःखात आहात. मन शांत झाल्यावर पुन्हा प्रयत्न करा."

"शांत?" स्टिअरिंगमागे बसलेल्या हौसाक्का कडाडल्या. "एका ताटात जेवलेली माझी पाठची बहीण पाटणच्या दवाखान्यात अखेरच्या घटका मोजतेय, आणि मी शांत होऊ? अरे पत्र्या, नवरा गेला त्या महिन्यातही मी याच घाटात प्रवासी भरून वडाप हाकलंय!" त्या मेस्तरींकडे वळल्या. "हा नेमकं काय अडवतो?"

"फक्त स्टार्टर. पण तो सोडवायला दिवस जाईल."

हौसाक्कांनी पदराने नाक पुसलं. जीप नेहमीसारखी उताराकडे तोंड करून उभी होती. म्हाताऱ्या बॅटरीवर विसंबू नये, ही जुन्या वडापवाल्यांची रीत त्यांनी कधी मोडली नव्हती.

"मेस्तरी, चाकाखालचा दगड काढा."

आईच्या ओढीने वासरू धावावं तशी जीप उतरू लागली. दुसरा गिअर टाकून त्यांनी क्लच सोडला. एक हिसका, दुसरा हिसका, आणि इंजिन धडधडलं.

"आपण अजूनही रडत आहात," डबा म्हणाला.

"रडतेय की," वळणावर हॉर्न देत हौसाक्का म्हणाल्या. "माझ्याकडं काय बघतोस? रस्त्याकडं बघ."