उज्माच्या दारातलं शेवाळ

भिवराबाई पडल्या त्या नेमक्या उज्माच्या दारात.

उज्मा चहाचं आधण ठेवत होती. बाहेर धप्पकन आवाज झाला. दार उघडून बघते तर भिवराबाई रस्त्यावर आडव्या, उजवा हात अंगाखाली दुमडलेला. उज्माला सातवा महिना लागलेला, त्यांना उचलणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. ती त्यांच्या उशाशी बसली आणि हाका मारत राहिली. नुकतं कुठं फटफटलं होतं. गल्लीत वरच्या अंगाला भिवराबाईंचं घर. तिथून त्यांचा मुलगा धर्मराज बनियनवरच धावत आला.

त्यानं आईला उठवून बसवलं. मग त्याची नजर पायाखाली गेली. उज्माच्या उंबऱ्यापुढं सिमेंटच्या रस्त्यावर हिरवंगार शेवाळ माजलं होतं.

"हे कुणाचं दार हाय?" त्यानं विचारलं.

गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. तरी त्यानं विचारलं, आणि उज्माला उत्तर द्यावं लागलं.

"आमचं," ती म्हणाली.

धर्मराज पंचायतीचा सदस्य. गल्लीतला सिमेंटचा रस्ता त्यानंच खेटे घालून मंजूर करून आणलेला. रस्ता झाला आणि चिखल गेला, पण पावसाची झड लागली की त्यावर शेवाळ धरू लागलं. माणसं घसरू लागली. तेव्हा धर्मराजनं ग्रामसभेत नियम करून घेतला. ज्याचं दार, त्यानं पुढचा रस्ता घासायचा. घासला नाही आणि कुणी पडलं, तर दवाखाना त्यानं करायचा आणि त्याचं नाव पंचायतीच्या फळ्यावर लागायचं. सगळ्यांनी हात वर केले. उज्माच्या नवऱ्यानं, मुस्तकीमनंही केला.

मुस्तकीमचं गॅरेज चौसाळ्याला, रोज तो अंधारातच घर सोडायचा. सुट्टीच्या दिवशी तो दारापुढचं शेवाळ खरवडून काढायचा. पण यंदा ते हटेचना. पाऊस उघडला की बाकीची दारं कोरडी व्हायची, उज्माचं तेवढं ओलंच. बायका म्हणायच्या, ही पाणी फार सांडते. उज्मानं भांडी आत घासायला सुरुवात केली, कपडे मागच्या अंगणात धुवायला लागली. तरी शेवाळ येतच राहिलं. आणि आता डॉक्टरनं तिला वाकायला मना केलं होतं.

दुपारपर्यंत भिवराबाई बीडहून हाताला प्लास्टर घालून परत आल्या. दिवस मावळायच्या आत मुस्तकीम उज्माला घेऊन त्यांच्या घरी गेला. धर्मराज ओसरीवर बसला होता. भिवराबाई आतल्या खोलीत बाजेवर. मधलं दार उघडं होतं.

"धर्मराजभाऊ," मुस्तकीम म्हणाला, "दवाखान्याचं मी बघतो. एकच म्हणणं हाय. फळ्यावर हिचं नाव नको. माझं लावा."

"पैसा राहू दे तुझ्यापाशी," धर्मराज म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. दिवसभराच्या धावपळीनं तो थकून गेला होता. "नाव तुझं लावू, घरवाल्याचंच लागतंय. पर लागंल. आज मी तुला सोडला तर उद्या गावात कुणी खराटा हातात धरनार न्हाई."

मुस्तकीमनं मान खाली घातली. पहिल्यांदाच कुणाचं नाव लागणार होतं, आणि ते त्याचं. फळा पंचायतीच्या दाराशीच, एसटीला जाणारा-येणारा प्रत्येक माणूस तो वाचणार.

उज्मा आत गेली. भिवराबाईंच्या बाजेजवळ उभी राहिली. पदर सावरत म्हणाली, "आजी, मला माफ करा. मला वाकता येत नव्हतं. रविवारी करू, रविवारी करू म्हणत राहून गेलं."

"ठाऊक हाय मला," भिवराबाई म्हणाल्या. "तुला वाकता येत न्हाई म्हनून तर मी घासत हुते."

उज्माला आधी समजलंच नाही. मग तिच्या लक्षात आलं. अधूनमधून सकाळी दारापुढचा रस्ता घासलेला दिसायचा. तिला वाटायचं, मुस्तकीमनं निघता निघता हात मारला असेल.

ओसरीवरून धर्मराज उठून दारात आला. "माय, तू तिथं रस्ता घासत हुतीस?"

"तर काय अंधारात फुलं तोडाया गेलते? खराटा हातातनं सुटला, गटारात गेला. नवा आनावा लागंल."

"दुसऱ्याच्या दारात तू कशाला गेलीस?" धर्मराज म्हणाला. "ज्याचं दार त्यानं घासावं, एवढं सरळ ठरलंय. मीच ठरवलंय."

भिवराबाईंनी उठून बसायचा प्रयत्न केला. उज्मानं त्यांच्या पाठीला हात दिला.

"तुझं धोतर धुते मी सणासुदीला," त्या म्हणाल्या. "पोळ्याला धुतलं, नीळ घातली, बादली मोरीत पालथी केली. आन् बाहेर येऊन बघते तर हिच्या उंबऱ्यापुढं रस्त्याच्या भेगंतनं निळं पानी वर येतंय."

त्यांच्या मोरीचा पाइप त्या नव्या रस्त्याखालून गेला होता. तो पुरताना धर्मराज स्वतः उभा होता.

"मग मला सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तू म्हनला असतास, नवा रस्ता कोन फोडतंय. मग मीच खराटा घेतला." त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. "दार तिचं हाय, धर्मा. शेवाळ आपलं हाय."