पाचवा पत्रा

मिस्त्रीने टाकीचं झाकण उचललं आणि पुन्हा एकदा मोजलं. आत चार पत्रे असायला हवे होते. होते पाच.

पत्रे आपले म्हणायचे एवढंच, होते सगळे प्लास्टिकचे. डोंगरात, चिखलात पळवायची ती जाड टायरांची उघडी चारचाकी असते ना, तिचे चार मडगार्ड आणि पुढचं नाक. प्लास्टिकला रंग काढायचं जहाल औषध चालत नाही, रंगाबरोबर पत्राच विरघळतो. म्हणून मिस्त्री ते सौम्य औषधाच्या टाकीत दोन दिवस बुडवून ठेवी आणि मग फुगलेला रंग लाकडी पट्टीने हलक्या हाताने खरवडून काढी. शेड जुळायची तर एका गाडीचे सगळे पत्रे एकदमच उतरवायचे, हा त्याचा तीस वर्षांचा शिरस्ता. तोच नडला. डोक्याने पाचवा पत्रा बाजूला ठेवला होता, हातांनी तो सवयीने उचलून टाकीत सोडला.

आणि त्या पाचव्यावरच पंजा होता.

गाडी गिऱ्हाईक म्हणून आलेल्या काका-काकूंच्या मुलाची. तीन वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका वळणावर तो गेला. गाडीला मेलीला काही झालं नाही, ती तेवढी घरी परत आली. तेव्हापासून अंगणात उभी. उन्हाने रंग उडाला, पापुद्रे निघाले, काकूंना ते बघवेना. सगळं नव्यासारखं करा म्हणाल्या, फक्त मागचा डावा मडगार्ड सोडून. त्याचा बोल्ट बसवायचा कान तुटलाय, तेवढा जोडा. तो मडगार्ड मुलाने स्वतः निळा रंगवला होता आणि रंग ओला असतानाच गंमत म्हणून त्यावर हात दाबला होता. पाचही बोटं उमटलेली. काकू रोज सकाळी त्यावर आपला हात ठेवत.

“रंगाला बोटसुद्धा लावू नका, मिस्त्री,” त्या म्हणाल्या होत्या. “त्याचं आता एवढंच उरलंय.”

काका शेजारीच होते. ते मान खाली घालून टेम्पोतल्या पत्र्यांच्या दोऱ्या सोडत राहिले.

मिस्त्रीने पाचवा पत्रा बाहेर काढला. निळा रंग सालपटासारखा हातात आला, पट्टीसुद्धा लावावी लागली नाही. खाली कोरं काळं प्लास्टिक. तो तिथेच रंगाच्या डब्यावर बसला. जन्मभर लोकांच्या गाड्यांचे ओरखडे बुजवले, पोचे लपवले, पण कुणाचं माणूस पुसायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. खरं सांगावं तर काकूंचा चेहरा डोळ्यांपुढे येई. न सांगावं तर मन खाई. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

दोन दिवस तो धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं खाली ओढलं आणि कामाला बसला. खोट्या कामाला घेतली तेवढी मेहनत त्याने खऱ्याला कधी घेतली नसेल. तुटका कान जोडला. पत्रा बारीक कागदाने घासला, धुतला, रंग धरावा म्हणून आधी अस्तर मारलं, मग निळा. त्या निळ्यातही थोडा काळा, थोडा पांढरा घालून तो उन्हाने विटल्यासारखा केला. रंग अर्धवट सुकल्यावर बाही वर सारली. अंगठा सीटच्या बाजूला, बोटं फाकलेली, हे त्याला पक्कं आठवत होतं. हात दाबला आणि मनात म्हणाला, पोरा, माफ कर. आणि मग रडला की तो. त्या पोराला त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

ठरल्या दिवशी दोघं टेम्पो घेऊन आली. चार पत्रे लालभडक झळकत होते, काकूंनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या थेट पाचव्यापाशी गेल्या. पंजावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

“छान सांभाळलंत,” त्या म्हणाल्या. डोळे पुसले आणि टेम्पोत जाऊन बसल्या.

सुटलो एकदाचे, असं वाटायला हवं होतं. कसलं काय, मिस्त्रीचं मन खातच राहिलं. काका पत्र्यांना गोणपाट गुंडाळत होते. त्यांच्याजवळ जाऊन त्याने हलक्या आवाजात सगळं सांगून टाकलं, टाकीपासून स्वतःच्या हातापर्यंत. चार शिव्या घाला, म्हणाला, पण हे ओझं माझ्याच्याने पेलवत नाही.

काकांनी गोणपाट खाली ठेवलं. आधी टेम्पोकडे पाहिलं.

“तो त्याचा नव्हताच,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी मी गाडी पेट्रोलने पुसायला गेलो आणि माझ्याच हातून पंजा गेला. ही तेव्हा बहिणीकडे होती. रंगाचा डबा आणला, निळा मारला आणि माझा हात दाबला. तुमच्या टाकीत गेला तो माझा पंजा. तिला हे कळलं तर ती जगायची नाही, मिस्त्री. आता तुम्हीही तोंड शिवून बसा.”

मिस्त्रीने मान डोलावली. दोघांनी मिळून पत्रे टेम्पोत चढवले. काका पलीकडच्या बाजूने दोऱ्या आवळायला गेले, तशी काकूंनी खिडकीची काच खाली केली आणि मिस्त्रीला खुणेने जवळ बोलावलं.

“हात तुमचा ना?” त्या हळूच म्हणाल्या. “ह्यांना कळू देऊ नका हं. ह्यांना अजून वाटतंय, वर्षभर मी लेकाचाच समजून त्या हातावर हात ठेवत होते.”