बावीस खड्ड्यांची खडी

देगलूरकर जीपमधून उतरले आणि बगलेतली रिकामी पोती तिथंच खाली पडली. परवा जालन्याला जाताना माळावर त्यांनी बावीस ढीग सोडले होते. एकेका खड्ड्यातल्या दगडांचा एकेक ढीग, त्यावर खड्ड्याच्या नंबराची पाटी. आता तिथं एकच ढीग होता. लांबलचक, चौकोनी, कडा सुतात, आणि दगड फोडून सगळी एकसारखी खडी केलेली.

जमिनीत लोखंड शोधणारी त्यांची कंपनी एवढीशी, जीपसुद्धा भाड्याची. कुठल्या खड्ड्यात किती लोखंड आहे हे नागपूरच्या प्रयोगशाळेला कळायचं तर दगड वेगळे ठेवायचे, इतकी साधी गोष्ट. तेवढ्यासाठी देगलूरकर दोन महिने तीर्थपुरीच्या उन्हात करपले होते. शनिवारपर्यंत दगड पोचले नाहीत तर काम गुंडाळा, असं मालकांनी बजावलं होतं.

"कुणाचा हा उद्योग?"

"आमचाच की." चतुराबाई पुढं आली. खड्डे खणणाऱ्या पंधरा बायांची ती मुकादम. बहात्तरच्या दुष्काळात वर्षभर याच बाया सडकेची खडी फोडत होत्या. "पाट्या बराबर काढून ठिवल्या सायब. एक बी मोडली न्हाई."

पाट्या एकीवर एक रचून सुतळीनं बांधलेल्या होत्या. देगलूरकरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"बाई, तुमच्यापुढं हात टेकले. खणा म्हणालो होतो. फोडा म्हणालो होतो का?"

"न्हाई."

"मग?"

"सडकेवर असेच दगड पडून व्हते, सायब. वरचे सायब आल्ते. म्हनले, काम फुडं सरकून न्हाई राह्यलं. अन् दुसऱ्या दिशी कामच बंद." चतुराबाईनं बोटांवरच्या चिंध्या सोडायला घेतल्या. "इथं बी दगड निस्ते पडून व्हते. मंग दोन दिवस कुनी हात थांबवला न्हाई. म्हनलं, हे काम तरी बंद पडू नये."

देगलूरकरांच्या ओठांवर चांगली सणसणीत शिवी आली होती. ती त्यांनी गिळली. शनिवारला चार दिवस होते. बुजवलेले बावीस खड्डे तेवढ्यात पुन्हा खणून होणार नव्हते. बायांची मजुरी मात्र तोवर चालू राहणार होती.

मागं पंधरा बाया कुदळी घेऊन उभ्या होत्या.

"उद्या कुठं खनायचं, सायब?"

देगलूरकरांनी माळाच्या पार उत्तरेला बोट दाखवलं. तिकडं लोखंडाचा कण नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

"तिकडं," ते म्हणाले. "सावकाश खणा."