फणसावरचा फोन

“मोठ्यानं बोल रे लेका!” फणसाच्या फांदीकडे तोंड करून एर्मेलिंडा ओरडली.

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या त्या डोंगरी गावात मोबाइलची रेंज फक्त त्या फांदीपाशी यायची. फोन टोपलीत घालून दोरीनं वर चढवायचा, स्पीकर लावायचा आणि खालून बोलायचं. मग कुणाचाही फोन आला की सगळं गाव आपापली मक्याची कणसं घेऊन झाडाखाली सोलत बसायचं. आज तर मलेशियाला गेलेला तिचा लेक बोलत होता. आई फोन कानाला लावून बोलते, असंच तो बिचारा समजत होता.

“नाताळला येतोय, आई. पण कुणाजवळ बोलू नकोस. सगळे हात पसरत दारात येतील. बेनेडिक्टामावशीला तर मुळीच पत्ता लागू देऊ नकोस. एकदा आली की हलायची नाही.”

कणसं सोलणारे हात थांबले. बेनेडिक्टा एर्मेलिंडाला खेटूनच बसली होती. याच पोराला लहानपणी तापात पाठीवर घेऊन ती डोंगर उतरली होती. एर्मेलिंडाला मान वर करवेना.

बेनेडिक्टा उठून टोपलीखाली गेली. “अरे, मी मावशी! आज मेल्या रेंजला काय झालंय कुणास ठाऊक, तुझं एक अक्षर ऐकू आलं नाही बघ!”

टोपलीतून अगदी शेजारी बसल्यासारखा स्वच्छ आवाज आला, “आई... तिथं आणखी कोण कोण आहे?”

सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि कणसं जोरजोरात सोलायला घेतली.