घरट्याचा तळ

सामसूम घरात वाटी ठणकन पडली. "लेक उठली वाटतं," मी हेडफोनवर म्हणाले.

"घे मांडीवर, पण घरटं सोडू नकोस बाई!" पलीकडून मैत्रीण ओरडली. दोन दिवसांत गेम बनवायच्या स्पर्धेची वीसच मिनिटं उरली होती, आणि आमच्या गेममधलं हरवलेलं पिल्लू आईच्या घरट्यात पोचताच आरपार खाली पडत होतं.

लेकीला मांडीवर घेऊन एका हाताने कोड तपासला. "अगं, घरट्याला तळच दिला नव्हता मी!"

"धन्य आहेस!"

तळ दिला, पिल्लू टिकलं. गेम पाठवला तेव्हा चार मिनिटं बाकी होती. मी दोन दिवसांनी पाठ टेकली.

लेक पडद्याकडे बघत होती. "आई, पिल्लू हरवलं तेव्हा त्याची आई काय करत होती गं?"