काजळीचा खोकला

गोठ्यागोठ्यात टांगलेले फोन आता जनावरांचा खोकला ऐकत. काजळी म्हैस दोनदाच खोकली आणि त्याच दुपारी साथीच्या रोगाची जनावरं उचलणारी गाडी तिला कायमची घेऊन गेली. द्रौपदा गावची पशुसखी, जनावरांच्या दुखण्याखुपण्याचं बघणारी, पण स्वतःच्या म्हशीसाठी तिचं काही चाललं नाही.

आठवड्याने तिने अंगणात बायांना शिकवायला फोनवरच्या जनावरांच्या आजारांच्या धड्यांतला चौथा धडा लावला.

"नीट ऐका गं," ती म्हणाली. "दुखणं छातीत उतरलं की जनावर असं खोकतं."

खोकला वाजला आणि द्रौपदाने चमकून फोनकडे पाहिलं. तो काजळीचाच होता.

तेवढ्यात काजळीचं रेडकू दावं तोडून धावत आलं आणि कासेला द्याव्यात तशा फोनला ढुशा देऊ लागलं. काहीच मिळेना, तेव्हा ते कळवळून रेकलं.

"वैनी, बंद करा ते!" शेजारची गयाबाई ओरडली.

फोन शांतपणे म्हणाला, "नवा आवाज मिळाला. आईवेगळं रेडकू. पाचवा धडा तयार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी घराघरांतून पाचवा धडा वाजला. नुकतीच धार काढलेल्या म्हशींनाही पुन्हा पान्हा फुटला आणि गावभरच्या म्हशी दावी ताणून रेकू लागल्या. इतक्या आया एकदम हाका मारत होत्या, त्यांत काजळी तेवढी नव्हती.

द्रौपदाने रेडकाचे दोन्ही कान घट्ट झाकून धरले.